चार गेली, तीन आली

जालन्यात धावपट्टीच्या कुंपणाला लागून एक बाग आहे. बाग म्हणजे काय, दोन घसरगुंड्या, सहा बाकडी आणि एक कडुलिंब. कडुलिंबाखालचं बाकडं कडूबाईचं. पालिकेनं तसं लिहून दिलेलं नाही, पण तिथं दुसऱ्या कुणी बसून दाखवावं.

कडूबाई मूळची केदारखेड्याची. उभी हयात मेंढरांमागं गेली. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर लेकानं, रामेश्वरानं, तिला शहरात आणलं आणि आठ दिवसांत तिला वेड लागायची पाळी आली. इथं मोजायला काहीच नव्हतं! मग तिला विमानं सापडली. वैमानिकी शिकणाऱ्या पोरापोरींची चार बुटकी विमानं दुपारी एकामागोमाग उडायची आणि दिवस मावळायच्या आत परतायची. मेंढक्याची रीत अशी, की सकाळी वाडग्यातून, म्हणजे मेंढरांच्या कुंपणातून, जेवढी सोडली तेवढी संध्याकाळी मोजून आत घ्यायची, मगच भाकरीला हात लावायचा. कडूबाईनं तीच रीत विमानांना लावली. चार गेली, चार आली, की बाई पदर झटकून घरी. तोवर चहा गार होऊन सून धुसफुसत असायची. कडूबाईला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या पोरांपैकी वाटूरची आकांक्षा तिच्या खास ओळखीची. ती आपली स्कूटी बागेच्या फाटकाशी लावायची आणि आजीशेजारी बसून डबा खायची. त्या दिवशी मात्र डबा उघडलाच नाही.

“आज नांदेडला जाऊन यायचंय, आजी. एकटीनं. पहिल्यांदाच.”

“कवा येशील?”

“चारपर्यंत.”

“जा बिनघोर. मी हाय बसलेली.”

चार वाजले. बाकीची तिन्ही विमानं उतरली होती. साडेचार झाले, पाच झाले. पूर्वेला आभाळ काळंकुट्ट भरून आलं. साडेपाचला रखवालदार धम्मपाल कुलूप घेऊन आला.

“आज्जी, चला. टाइम झाला.”

“एक यायचंय अजून.”

“येईल की. तुमी थांबल्यानं ते जल्दी येणार हाय का?”

“अन् मी गेल्यानं येणार हाय का?”

धम्मपालनं फोन काढला. स्कूटी तिथंच लावायची म्हणून आकांक्षाचा नंबर त्याच्याकडे होता. त्यानं तो लावला. पोरगी नांदेडला सुखरूप होती. ते ऐकून कडूबाईचा जीव भांड्यात पडला आणि तिनं फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“अगं, चारचा वायदा केल्ता ना तू?”

“ढगांमुळं अडकले, आजी. आता इथं जरा उघडलंय. निघायचं का रात्री इथंच राहायचं, ते सरांनी माझ्यावर सोडलंय. मी निघते. बाकीचे तिघं पोचले आणि मीच राहिले म्हटल्यावर सगळे हसतील.”

“हिकडं आभाळ बिलकुल काळं हाय. दुसऱ्याच्या वाडग्यात एक रात काढायची लाज वाटून राह्यली का तुला?”

“हो.”

कडूबाईनं धम्मपालकडे पाठ केली.

“आमच्या मालकालाबी, रामेश्वराच्या बापाला, वाटली व्हती. पूर्णा दुथडी भरून चाल्ली व्हती. पल्याडच्या गावचे लोक म्हणले, आज मुक्काम करा. पर लोक हसतील म्हणून यांनी मेंढरं पाण्यात घातली. मी अल्याडच्या काठावर उभी. पन्नास घातल्ती, बावीस आली.”

“आणि ते?”

“मी मेंढरंच मोजत राह्यले, बाई. मालक आले न्हाईत हे ध्यानात यायला मला उशीर झाला.”

धम्मपालनं हातातलं कुलूप बाकड्यावर ठेवलं.

“राहते मी इथंच, आजी,” आकांक्षा म्हणाली.

“राहा. अन् जेवून घे.”