बाजाराच्या दिवशीची गोळी

पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. बावीस वर्षं नर्सची नोकरी आणि आता नर्सिंगची पदवी. ज्या दवाखान्यात शिकाऊ पोरींना रागावले, त्याच दवाखान्याच्या कॉलेजात मागच्या बाकावर बसू लागले. पहिल्या वेळी प्रात्यक्षिकात नापास झाले, कारण परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाऐवजी अनुभवानं दिलं. त्याच महिन्यात लेक बारावी पास झाली. पेढे वाटताना तिनं माझ्या हातावर मुद्दाम मोठा ठेवला. आता ही शेवटची संधी होती. अभ्यासरजा संपत आली होती. या वेळीही दांडी गुल झाली, तर पदवीशिवाय वॉर्डात परत.

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत मला मिळाल्या आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या एक भाजीवाल्या आजी. हृदय कमजोर, पाय सुजलेले, वर्षात तिसऱ्यांदा भरती. अर्ध्या तासात त्यांना सगळं विचारून छापील फॉर्म भरायचा होता. मी तोंड उघडायच्या आत आजींनीच मला विचारायला सुरुवात केली.

"कोन्या गावची वं तू?"

"अनसिंगची."

"अन् या वयात कायले शिकून राह्यली? नवऱ्यानं टाकलं का काय?"

"नाही हो आजी, नवरा घरी स्वयंपाक करतो."

"म्हंजे तूच त्याले टाकलं म्हन ना!"

शेजारच्या कॉटवरची बाई खोकता खोकता हसली. वीस मिनिटं संपली आणि माझ्या फॉर्मवर फक्त आजींचं नाव. घाबरून मी सूज उतरवणारी, लघवी वाढवणारी पाण्याची गोळी त्यांच्या औषधांतून काढून दाखवली. "ही रोज घेता ना?"

आजींनी इकडंतिकडं पाहून मला जवळ ओढलं. "बाजाराच्या दिवशी नाई घेत. घेतली का घडीघडी उठा लागते. जाऊ कुटी एवढ्या गर्दीत? अन् मेथी कोन राखीन?"

"हप्त्यात बाजार किती?"

"चार."

आधीच्या सगळ्या कागदांवर 'औषधे नियमित' होतं. मी ठसठशीत 'अनियमित' लिहिलं.

परीक्षक आले, कडक इस्त्रीचे. त्यांनी कागद पाहून आजींना विचारलं, "गोळ्या रोज घेता?"

"घेतो ना साहेब! एक दिवस चुकत नाई." आजींनी पदर सारखा केला. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सिस्टर, खोडा ते. 'नियमित' लिहा आणि पुढं चला."

खोडलं असतं तर मी पास झाले असते. पण आजी चौथ्यांदा येणार, हेही नक्की होतं. मी म्हणाले, "सर, एक मिनिट पडद्याबाहेर थांबता?" ते गेले. मी पडदा असा ओढला, की नाटकाचा तिसरा अंकच!

"आजी, सांगू का साहेबांना?"

"तूच सांग बाप्पा! गडीमानसापुढं मुताच्या गोष्टी मी कायले करू?"

हे गुपित आजींनी पालेभाजी विकायच्या आवाजात सांगितलं. पडद्याबाहेर घसा खाकरला गेला. मी म्हणाले, "आजी, बाजारातून घरी आल्यावर घ्या ती गोळी. डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊ."

"आं? तसं चालते? मंग सकाळीच घे म्हून काहून सांगतलं?"

पडदा सरकवून सर आत आले, त्यांनी 'अनियमित'खाली रेघ ओढली आणि माझ्या नावापुढं गुण मांडले. मी पास होते.

"बाकी फॉर्म कोरा आहे तुमचा," ते नाराजीनं म्हणाले.


"तिले नका बोलू," आजी म्हणाल्या, "मले इचारा, मी भरून देतो."