मेंढीच्या नाकातली अळी
घोंगडीला ओल लागली की लोकरीचा जो वास उठतो, त्यानं मला सोनारीजवळच्या माळावर बसलेला चुलत्यांचा मेंढ्यांचा कळप आठवतो. त्या उन्हाळ्यात नुकतीच व्यालेली एक मेंढी सारखी शिंकायची, नाक मातीत घासायची आणि तिच्या नाकातून घट्ट शेंबूड गळायचा. तिचं खाणं सुटलं, दूध आटत चाललं, कोकरू भुकेनं ओरडत राहायचं. पुढं ती मान वाकडी करून जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा चुलते म्हणाले, "आता ही न्हाय जगायची. खाटकाला देऊन टाकू." चुलती मेंढीच्या गळ्यात हात टाकून बसली. "श्वास घ्यायला लई तरास हुतोय तिला. आधी डाक्टरला दावा, मग काय करायचं ते करा." चुलते चिडले, पण भर उन्हात जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "माशीनं नाकात अळ्या सोडल्यात," आणि त्यांनी कातडीखाली सुई टोचली. मग एका सकाळी मेंढी जोरात शिंकली आणि चुलतीच्या पदरावर जाडजूड मेलेली अळी पडली. चुलतीला किळस आली नाही. "एवढं घेऊन फिरत हुतीस व्हय गं?" म्हणत तिनं पदरानंच मेंढीचं नाक पुसलं. चुलत्यांनी कोकरू उचललं आणि कासेला लावलं. चुलती जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती कशी होती असं माझ्या मुलींनी विचारलं, की मी त्यांना हेच सांगते.