भुंग्याचा वाटा

जत्रेला मेंढा कापला की पहिला वाटा कुत्र्याचा, असा शालूबाईच्या घरचा रिवाज होता. रात्रभर कळप राखतो तो उपाशी राहता कामा नये, असं सासऱ्यांनी सांगितलेलं. काळजात किंवा फोपशात, म्हणजे फुप्फुसात, पाण्याचे फुगे निघाले तर ते माणसं खात नसत. तेच भुंग्यापुढे टाकत. तो शेपटी हलवत खाई, आणि मग शालूबाईचे हात चाटी.

जतच्या माळावर मेंढरं राखण्यात शालूबाई आणि तिचा नवरा गुंडा यांचा जन्म गेला होता. गुंडाच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं तेव्हा कुणीतरी तापल्या विळ्याचे डाग दिले. वण उरले, दुखणं हटलं नाही. शेवटी शालूबाईनं त्याला सांगलीच्या दवाखान्यात नेलं.

सोनोग्राफी पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कुत्रं आहे?"

"आवं, मेंढरं म्हटल्यावर कुत्रं असायचंच," शालूबाई म्हणाली.

"मेंढरू कापल्यावर आतलं त्याला घालता?"

"व्हय. फुग्यांचं काळीज काय आमी खातो?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि सावकाश समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात तिळाएवढे जंत राहतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात, हातावरून माणसाच्या तोंडात जातात. मग काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याची गाठ धरते आणि वर्षानुवर्षं वाढत राहते. मेंढराच्या पोटातही तसंच होतं. ते फुगे म्हणजे याच गाठी. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या पोटात पुन्हा जंत होतात.

गुंडा हसला. "जन्मभर मेंढरं राखली मी, आन् पोटात बिऱ्हाड केलं कुत्र्यानं? भाडं तरी द्यायचं."

शालूबाईला हसू आलं नाही. मेंढरांना दर पावसाळ्याआधी ती स्वतः जंताचं औषध पाजत असे. भुंग्याला पाजावं, हे कधी कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आधी गोळ्या, मग ऑपरेशन असं ठरलं. गोळ्या तूप-भाकरीसोबत घ्यायच्या, मधूनमधून रक्त तपासायचं. "आणि पोटाला धक्का लागू देऊ नका," डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. "गाठ आत फुटली तर त्या पाण्याचं अंगाला वावडं होऊन श्वास कोंडेल, जिवावर बेतेल."

गुंडानं गोळ्या न चुकता घेतल्या. तूप संपलं की शालूबाई शेजारून मागून आणी. पण त्याला बसवून ठेवणं तिला जमलं नाही.

"आवं, बसा की जरा," ती म्हणे.

"बसून काय करू? मेंढरं मला वळखतात, तुला न्हाई."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात दोन एडके झुंजू लागले. गुंडा सवयीनं मधे शिरला. एकाची धडक त्याच्या बरगडीखाली बसली. तो उठला, कपडे झाडले, "काय न्हाई झालं" म्हणाला. पण शालूबाई पाणी घेऊन येईपर्यंत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. जीप आली तेव्हा तो तिचा हात धरून होता. सांगलीच्या वाटेवर कधीतरी त्याची पकड सैल झाली. शालूबाईनं मात्र हात सोडला नाही.

पुढच्या जत्रेला तिनं रिवाजाप्रमाणे मेंढा कापायला लावला. फोपशात फुगे निघाले. भुंग्या, आता म्हातारा झालेला, जवळ येऊन बसला. शालूबाईनं ते फोपसं उचललं, बाभळीखाली खोल खड्डा खणून त्यात टाकलं, वर चुना पसरला आणि मातीवर मोठे दगड रचले. भुंग्या मागोमाग आला आणि दगड हुंगू लागला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर काठी उगारली. तो चार पावलं मागं सरून तिच्याकडे बघत बसला.

काठी टाकून ती घरात गेली. गुंडाच्या उरलेल्या गोळ्यांची पुडी खुंटीवरच्या पिशवीत तशीच होती. तिच्याशेजारी जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्र्यासाठी दिलेली जंताची गोळी होती. ती तिनं भाकरीच्या तुकड्यात कोंबली, वर तूप लावलं आणि भुंग्यापुढे ठेवली.

"खा रं," ती म्हणाली. "हाच तुझा वाटा आता."

त्यानं तुकडा खाल्ला आणि हात चाटायला तोंड पुढं केलं. शालूबाईनं हात पदराखाली घेतले. मग ती रांजणापाशी गेली आणि साबण लावून ते बराच वेळ धूत राहिली.