शनिवारची माफी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका निर्मळ माणूस अख्ख्या हर्सुलात नसेल, आणि त्या निर्मळपणानं लोकांना इतका वैताग देणाराही दुसरा नसेल. देवापुढं उभं राहायचं तर माणूस परिपूर्ण हवा, एक डागही नको, हा त्यांचा हट्ट. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ते घेण्याआधी कुणाशी वाकडं असेल तर मिटवून यायचं. म्हणून आदल्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून काका माफी मागायला निघत. बरं, गुन्हे तरी कसले! "सलाम. परवा तुमच्याकडचे पोहे खाऊन मी 'छान' म्हणालो. छान नव्हते. माफ करा." तोवर आम्हाला काही म्हणजे काही वाईट वाटलेलं नव्हतं! आमच्या हिनं मग बरेच दिवस त्यांना पोहे दाखवलेसुद्धा नाहीत. भाजीवालीला म्हणाले, "तुमच्या मापावर मी मनात शंका घेतली." ती भडकली, "मनातच ठेवायचं व्हतं की! आता मला लई राग आला, त्याचं काय?" झालं! जुनं मिटवायला गेले आणि नवं भांडण घेऊन आले.

मग रविवारी भाकरीचं ताट समोर आलं की काका मान खाली घालून ते पुढं सरकवत. "अजून तयार नाही." शेजारी काकू एकट्याच घेत, लग्न झाल्यापासून एकट्याच. "यांच्यासोबत एकदा तरी घ्यायचंय, बाकी काही मागणं नाही," असं त्या आमच्या हिला म्हणायच्या. चर्चचे पाळकसाहेब तर समजावून थकले. "अहो, परिपूर्ण तो करतो, आपण फक्त हात पुढं करायचा." काका म्हणत, "हात तरी धुतलेला नको का?"

मागच्या उन्हाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. पाळकसाहेब प्रभुभोजन घरीच घेऊन आले, आम्ही दोघं नवराबायको दाराशी उभे. ताट पुढं आलं आणि काका उठून चपला शोधायला लागले! भाजीवालीची समजूत काढायची राहिली होती म्हणे. काकूंनी त्यांचा हात धरला. "बसा हो. तुम्ही परिपूर्ण व्हायची वाट मी बघत बसले, तर तशीच जाईन." काका बसले. त्याच हातानं तुकडा घेतला आणि लहान मुलासारखे रडले.

काकू गेल्या. काका आता दर महिन्याला भाकर घेतात, शनिवारचं येणं मात्र बंद झालं. परवा मीच पोह्यांची ताटली घेऊन वर गेलो. मीठ जास्त पडलं होतं, हे मलाही ठाऊक होतं. "छान झालेत," काका म्हणाले. शनिवारी मी दिवसभर दार उघडं ठेवलं. आले नाहीत. देवाला ते असे चालत असतील हो, पण मला आपले पहिलेच काका हवे होते.