दुरुस्तीवरचं नाव

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सुट्टीत ती जुन्या जालन्यात माझ्या पुतण्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसायची. जगभरातली माणसं मिळून कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली लिहितात. तिच्यात फायली सांभाळणारा जो भाग असतो, त्यातली चूक हिला सापडली होती.

मी चौथी शिकलेली. मला तिने असं सांगितलं, "आई, मस्तगडच्या खोलीतला भाडेकरू गेला, पण चावी त्याच्याकडंच राह्यली. खोली आपण दुसऱ्याला दिली. आता जुना येऊन नव्याचं सामान उचकू शकतो. मी ती चावी काढून घेऊन राह्यले."

दुरुस्ती होईपर्यंत बोभाटा करायचा नाही, अशी त्या लोकांची रीत. नाहीतर चोरांना आधी कळतं. म्हणून घराबाहेर फक्त पुतण्याला माहीत होतं. दुरुस्तीवर करणाऱ्याचं नाव लागतं, आणि पुण्याच्या एका कंपनीने तिला आपलं काम दाखवायला सांगितलं होतं. नोकरी लागली तर स्थळं पाहणार नाही, असं ह्यांनी तिला कबूल केलं होतं.

तिचं काम पुरं व्हायच्या आधीच पुतण्याने क्लासमधून ती दुरुस्ती आपल्या नावाने पाठवून दिली, तीही अर्धवट. मग तोच घरी आला.

"काकू, हिला जरा पाठवा. ते लोक सवाल विचारून राह्यलेत, मला काही सुचंना." त्या अर्धवट दुरुस्तीत आतला माणूस बाहेर पडायच्या आधीच चावी काढली जात होती म्हणे, आणि कॉम्प्युटर बंद पडत होते.

"दादा, माझं नाव कुठंय?" मुलीने विचारलं.

"अगं, माझ्या खात्यातून गेलं, म्हणून माझं लागलं. तू काय अन् मी काय."

तिने वडिलांकडे पाहिलं. हे म्हणाले, "आडनाव तर एकच हाये. घरातच राह्यलं ना नाव? तू काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील."

पुतण्या हसला. त्याचं मला तितकं लागलं नाही, जितकं ह्यांचं लागलं. मी दाराआड उभी होते.

"लोकांच्या फायली उघड्या पडल्यात," म्हणत मुलगी त्याच्यासोबत गेली. उरलेलं बराबर करून आली. तेही त्याच्याच नावाने गेलं. पुण्याला दाखवायला तिच्याकडे काही उरलं नाही.

रविवारी तीर्थपुरीचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत, हे मला पुतण्याकडून कळलं.