सांगून ठेवतो

"बिबवेवाडीला लेकीकडं जातोय. सांजच्याला परत. सांगून ठेवतो."

कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. त्यासमोर चप्पल काढून, हात बांधून धायरीचे एक आजोबा असं म्हणत. पहिल्यांदा मी तिरकस बोललो, "अहो, मी टायपिस्ट आहे, फौजदार नाही." ते कसनुसं हसले. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. खडकवासल्याला लग्नाला निघाले तरी वाट वाकडी करून आधी माझ्याकडे वर्दी. तुम्हीही म्हणाला असता, म्हातारा जरा सटकलाय.

मग त्यांचा अर्ज टाइप करायला आला, आणि माझा तो 'फौजदार'चा टोमणा मलाच झोंबला. इंग्रजांनी त्यांची अख्खी जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली होती. त्यांच्या आजोबांना रोज चौकीवर हजेरी. पासाशिवाय गावाबाहेर पाऊल टाकलं की तुरुंग. गुन्हा काय? जन्माला आले, एवढाच. तेव्हापासून घरात दंडकच पडला, सरकारात सांगितल्याशिवाय गाव सोडायचं नाही. कोर्टाच्या दारात बसणारा मीच त्यांना सरकार वाटलो. इंग्रज गेले, कायदा गेला, दंडक राहिला. सरकारी दप्तरात त्यांच्या आजोबांच्या नावापुढचा 'गुन्हेगार' हा शेराही राहिला.

"आज्याच्या नावावरचा डाग जावा," ते म्हणायचे. "बाकी कायबी नको."

तारखांवर तारखा पडल्या. दर तारखेला मी कुजकट बोलायचो आणि ते आत गेले की हळूच देवाला हात जोडायचो.

निकालाच्या दिवशी टेबल सोडून मीही आत गेलो. ती नोंद अन्यायाची होती, दप्तरात तसं लिहावं, असा हुकूम झाला. मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं.

"म्हंजे आजा चोर नव्हता?"

"नव्हता. कोर्टच म्हणतंय."

ते बाकावर बसून ढसाढसा रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आठवडाभर त्यांचा पत्ता नाही. अकरा वाजले, त्यांची यायची वेळ झाली, की माझी मान आपोआप फाटकाकडे वळायची. मनात नाही नाही ते यायला लागलं, तेव्हा अर्जावरच्या नंबरवर त्यांच्या लेकीला फोन लावला. उचलला त्यांनीच. चार दिवस तिथेच होते, नातवंडांत.

"अहो, सांगून जायचं नाही का?" मी जवळजवळ ओरडलोच.

ते म्हणाले, "इसरलो की वो."

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. आता वर्ष होत आलं. टेबलासमोर चप्पल काढून कोणी उभं राहत नाही. आजोबा कुठे असतात, मला माहीत नाही. बरं झालं.