खरं कारण लिहा

आमच्या डाळ मिलमध्ये रजेचा अर्ज आला की नाना चष्म्यावरून बघत पहिला प्रश्न विचारायचे, "कोन मरी गयं?" कारण अर्जात हमखास कोणीतरी मेलेलंच असायचं. जळगावच्या त्या मिलमध्ये मी हिशेब लिहायला लागले तेव्हा नाना टाइमकीपर होते. हजेरी, रजा, आवक-जावक सगळं त्यांच्याकडे. कामगारांची समजूत अशी, की रजा म्हणजे शेठजींची मेहेरबानी आणि सुतकाशिवाय ती मिळायची नाही. त्यामुळे एकेकाच्या आज्या दोन-दोनदा वारल्या होत्या, आणि नानांना त्या सगळ्या पाठ होत्या.

श्रावणात दगडू हमालाने मावशी मेल्याचा अर्ज आणला. नानांनी तो परत त्याच्यापुढे सरकवला. "तुनी मावशी काल माले बाजारमा भेटनी. टणटणीत शे." दगडू ओशाळला. घरी कानबाई देवी बसायची होती, तिच्या रोटांच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमणार होते. ते रोट बाहेर कोणाला देता येत नाहीत, घरच्यांनीच संपवायचे असतात.

"मंग तेच लिख ना," नाना म्हणाले. "वरीसभर काम करं, रजा तुनी शे. जित्ता मानूसले कसाले मारस?"

दगडूने कानबाई लिहिली आणि शेठजींनी मुकाट्याने सही केली. त्या वर्षी आमच्या मिलमधले मृत्यू एकदम कमी झाले.

नाना काही पुढारी नव्हते. कधी आवाज चढवला नाही, कधी घोषणा दिली नाही. कामगार कायद्याचं एक कव्हर निघालेलं पुस्तक तेवढं पिशवीत असायचं. शनिवारी एसटीने धुळ्याला घरी जाताना ते वाचायचे आणि खूण म्हणून तिकीट घालून ठेवायचे.

मग माझी पाळी आली. मला आठवा महिना सरत आला तेव्हा धाकट्या शेठनी बोलावून गोडीत सांगितलं, "ताई, राजीनामा देऊन टाका. मोकळ्या झालात की या परत, आपलंच घर आहे." नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. तरी मी मुलखाची भित्री! 'घरगुती कारणास्तव' असा राजीनामा लिहून नानांच्या टेबलावर ठेवला.

नानांनी तो वाचला. "ताई, खरं कारण लिहा."

"तुम्हाला माहीत आहे की, नाना."

"मला माहीत असून काय उपयोग? कागदावर पाहिजे."

मी दुसरा कागद घेतला. बाळंतपण जवळ आलंय असं लिहिलं, आणि लिहिता लिहिता माझं मलाच कळलं, की याच्यापुढे राजीनामा हा शब्द बसतच नाही. पुढचा मजकूर नानांनी सांगितला: कायद्याप्रमाणे येत्या सोमवारपासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा. त्यांनी आवक क्रमांक घातला, शिक्का मारला आणि पोच माझ्या हातात दिली.

धाकटे शेठ भडकले. "नाना, हे कोणाला विचारून घेतलं?"

नाना उभे राहिले. "घ्यायला विचारावं लागत नाही, शेठ. नाकारायचं असेल तर कारण लिहून सही करा. मी तेही नोंदवतो."

शेठनी पेन उचललं, नुसतंच धरून ठेवलं आणि शेवटी 'मंजूर' लिहिलं. त्या क्षणी मला नानांच्या पाया पडावंसं वाटलं.

रजा मिळाली, पगार वेळेवर मिळाला, मुलगी झाली. परत हजर झाले तेव्हा माझं टेबल जागेवर होतं, पण नानांच्या खुर्चीत दुसराच माणूस. चौकशी केली तेव्हा समजलं, की नानांचं निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं. शेठ त्यांना दर वर्षी मुदतवाढ देत, या वर्षी दिली नाही. तो निर्णय माझा अर्ज मंजूर झाल्यावर पंधराच दिवसांनी व्हायचा होता, आणि नानांना ते पक्कं ठाऊक होतं.

रविवारी मुलीला घेऊन मी धुळ्याला गेले. नानांना पाहताच मला रडू आवरेना. "तुमची मुदतवाढ तोंडावर आली होती, हे मला सांगायचं तरी!"

नानांनी मुलीला मांडीवर घेतलं. "सांगितलं असतं, तर तुम्ही तो दुसरा कागद लिहिला असता का?"

मी मान खाली घातली. नसता लिहिला.